कुणाच्या गरजेचा नकाशा

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आता पदवीच्या अभ्यासक्रमातच ‘फील्ड प्रोजेक्ट’ आणि ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ आलं आहे. त्याला क्रेडिट आहेत. त्यामुळे सत्र सुरू झालं की भूगोलाच्या, समाजशास्त्राच्या, सिव्हिल इंजिनिअरिंगच्या विभागांत विषयांची शोधाशोध सुरू होते. मोबाइलमध्ये जीपीएस आहे, ओपनस्ट्रीटमॅप फुकट आहे, क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. साहजिकच ‘गावाचा नकाशा करू या’ ही सूचना लवकरच पुढे येते. मग यादी होते: मंदिरं, झाडांची गणना, बसथांबे, कचराकुंड्या, पर्यटनस्थळं. त्यातल्या एकावर खूण होते आणि मुलं कामाला लागतात.

ही खूण फार घाईने होते. कुठला नकाशा करायचा हे ठरवणं वरवर वेळापत्रकातली बाब वाटते, पण त्या यादीसमोर नीतिशास्त्रातला एक जुना, अवघड प्रश्न उभा असतो. दुसऱ्याचं भलं म्हणजे काय, आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा? धर्मग्रंथांनी आणि तत्त्वज्ञांनी हा प्रश्न राजाच्या, संन्याशाच्या, कर्मयोग्याच्या संदर्भात विचारला. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या हाती आज मोजण्याचं आणि दाखवण्याचं एवढं सामर्थ्य आहे की तो आता त्यांनाही विचारायला हवा.

महाडचं चवदार तळं घ्या. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी आणलेला ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा तो ठराव होता. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला, पण पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडलं. आता कल्पना करा, १९२५ मध्ये एखाद्या विद्यार्थ्याने महाडच्या सार्वजनिक पाणवठ्यांचा नकाशा केला असता. त्याने तळं निळ्या रंगात अगदी अचूक काढलं असतं, खाली ‘सर्वांसाठी खुलं’ असंही लिहिलं असतं. नगरपालिकेच्या दप्तराप्रमाणे तो नकाशा बरोबर ठरला असता आणि गावातल्या कित्येक घरांसाठी धडधडीत खोटा.

विहिरीचा ठिपका एवढंच सांगतो की इथे विहीर आहे. तिथे कोण पाणी भरतं, कुणाला दुपारपर्यंत थांबावं लागतं, मार्च संपता संपता तळ दिसतो का, हे ठिपक्यात मावत नाही. जे मावत नाही त्यातच बहुतेक वेळा गावाचं दुखणं असतं. विषय निवडताना आपण नकळत हेही निवडत असतो की कुणाचं दुखणं मोजायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचा विचार येतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्या विचाराला मध्यवर्ती स्थान दिलं. ज्ञान झालेल्या माणसानेही कर्म सोडू नये, लोकांच्या धारणेसाठी, फळाची आशा न धरता ते करत राहावं, असा त्याचा रोख. यावरून एक शंका हमखास काढली जाते: क्रेडिट मिळवण्यासाठी केलेली सेवा ही सेवा कशी? फळाची आशा तर सुरुवातीलाच चिकटलेली आहे. ही शंका प्रामाणिक असली तरी ती चुकीच्या जागी बोट ठेवते. मुलांना गुण हवेत यात गैर काही नाही. शिक्षण हेच त्यांचं त्या वयातलं कर्म आहे. बिघाड होतो तो गुणांच्या सोयीसाठी गावाची गरज आपल्या मनाने रचली जाते तेव्हा. पंधरा आठवड्यांत बसेल, आलेख छान निघेल, सादरीकरणात रंग भरतील, अशी गरज शोधून ती गावाच्या नावावर लावली की गावातली माणसं साधन होऊन बसतात. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे इमॅन्युएल कांटचं सांगणं इथे पुस्तकातून उतरून थेट अंगणात येतं. महाविद्यालयांच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर दरवर्षी नवी मुलं जुन्याच प्रश्नावल्या घेऊन जातात. मागच्या वर्षी दिलेल्या उत्तरांचं काय झालं, हे त्या घरांना कुणी सांगितलेलं नसतं. एखादी बाई हात पुसत दारात येते आणि विचारते, ‘पुन्हा तेच लिहून घेणार का?’ तिच्या या प्रश्नाला उत्तर नसेल, तर प्रकल्प निवडताना पहिलीच पायरी चुकलेली असते.

मग कसोटी कुठली लावायची? बेंथमच्या मार्गाने गेलं तर जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख मोजायचं. तालुक्याच्या गावातल्या बसथांब्यांचा नकाशा हजारोंच्या उपयोगाचा, डोंगरावरच्या वीस घरांच्या कातकरी वाडीचा फक्त वीस घरांच्या. या हिशेबात वाडी दरवेळी हरते, आणि ती दरवेळी हरत आली म्हणूनच तिथवर रस्ता पोहोचलेला नाही. गांधीजींनी आयुष्याच्या अखेरीस जो मंत्र दिला तो याच्या उलट जातो. आपण पाहिलेल्या सर्वांत गरीब, सर्वांत दुबळ्या माणसाचा चेहरा आठवा आणि आपल्या पावलाचा त्याला काही उपयोग होईल का ते स्वतःला विचारा, असा तो विचार. बहुसंख्येच्या हिशेबापेक्षा ही कसोटी नकाशाच्या कामाला कितीतरी अधिक लागू पडते. तरी तिच्यात एक पायरी वाढवायला हवी. चेहरा आठवणं हे मनातल्या मनात होतं. विद्यार्थ्याच्या बाबतीत तो माणूस दोन किलोमीटरवर राहतो, त्याला प्रत्यक्ष विचारता येतं. ज्याला विचारता येतं त्याच्याविषयी केवळ कल्पनेने ठरवणं, मग ती कितीही कणवेची असो, हा त्याच्यावर अन्यायच आहे.

विचारणं म्हणजे नेमकं काय, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाकडून शिकावं. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा त्यांचा हक्क मान्य झाला. गावातले नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झालं, पण त्याची जी गोष्ट इथे महत्त्वाची आहे ती फारशी सांगितली जात नाही. मेंढ्यात दोन वेगळ्या बैठका असतात. एक अभ्यास गट, दुसरी ग्रामसभा. अभ्यास गटात बाहेरचा माणूस येऊ शकतो, बोलू शकतो, माहिती देऊ शकतो, वादही घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेत होतो, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. जाणकाराला जागा आहे, त्याचा मान आहे, पण गावाच्या वतीने ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे जात नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी याहून चांगली मांडणी शोधून सापडणार नाही. विद्यार्थ्यांनी अभ्यास गटात बसावं. कुठली साधनं आहेत, कशाचा नकाशा होऊ शकतो, त्याला किती दिवस लागतील, तो कुणाच्या हाती पडला तर काय होईल, हे सगळं मोकळेपणी सांगावं. आणि निवड लोकांवर सोडावी.

वनहक्काच्या कामात हे फार जवळून दिसतं. सामूहिक दाव्यासाठी जंगलाची हद्द दाखवावी लागते. वनहक्क समितीची माणसं, गावातली म्हातारी मंडळी आणि जीपीएस घेतलेली मुलं अशी रांग हद्दीवरून चालते. पुढे चालणारा आजोबा एका मोहाच्या झाडापाशी थांबतो, सांगतो की इथून नाला धरायचा, पलीकडचं शेजारच्या गावाचं. मुलगी तिथे उभी राहून बिंदू नोंदवते. दाट झाडीखाली उपग्रहाचा संकेत अडखळतो, पडद्यावरचा आकडा काही मीटर मागेपुढे सरकत राहतो, तो स्थिर होईपर्यंत सगळे थांबतात. तेवढ्यात आजोबा त्या जागेची आणखी एक खूण सांगतात: इथे पूर्वी गुरं बसायची, इथे एक दगड पुरलेला आहे. मुलीच्या वहीत बिंदूच्या क्रमांकासमोर तेही येतं. यंत्र डळमळतं तिथे स्मरण उभं राहतं, आणि पुढे कुणाच्या स्मरणाबद्दल वाद झाला तर बिंदू कामी येतो.

कायद्यानेही या दोघांचं नातं ठरवून दिलं आहे. वनहक्क नियमांतल्या तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. तिच्यात सरकारी कागदपत्रं आहेत, तशाच विहिरी, बांध, दफनभूमी, पवित्र स्थळं या जमिनीवरच्या खुणा आहेत आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाबही आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्ट केलं की उपग्रहाची चित्रं आणि तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक असू शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. भारतीय कायद्यातलं हे एक विलक्षण विधान आहे. जाणण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांतल्या नव्या मार्गाने जुन्याला हुसकावू नये, हे ज्ञानमीमांसेतलं तत्त्व इथे नियमाच्या भाषेत उतरलं आहे.

नकाशाला वस्तीतल्या माणसाची जोड लागते, हे एका जुन्या कथेतही दिसतं. लंडनच्या सोहो भागातली १८५४ ची कॉलऱ्याची साथ नकाशाशास्त्राच्या वर्गांत हमखास शिकवली जाते. डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं. या कथेत एक पाद्री होता, त्याचा उल्लेख मात्र घाईत गळतो. हेन्री व्हाइटहेड हा त्याच वस्तीतल्या चर्चचा तरुण धर्मोपदेशक. स्नोचं म्हणणं त्याला सुरुवातीला पटलं नव्हतं, ते खोडून काढायच्या हेतूने तो घरोघर चौकशी करू लागला. लोक त्याला ओळखत होते, त्यांच्या आजारपणात आणि मृत्यूत तो त्यांच्या दारी गेलेला होता, म्हणून ते त्याच्याशी बोलले. त्या चौकशीतूनच पंपाजवळच्या एका घरातल्या आजारी बाळापर्यंत आणि त्या घराच्या गळक्या मैलाकुंडापर्यंत माग लागला, आणि ज्या मताला तो विरोध करत होता ते त्याने प्रांजळपणे मान्य केलं. स्नोला वस्तीत शिरलेला माणूस हवा होता, व्हाइटहेडला सत्यापुढे स्वतःचं मत सोडण्याची तयारी हवी होती. धर्मोपदेशकाच्या अंगी ती होती, आणि तीच त्याची खरी उपासना म्हणावी लागेल.

अलीकडच्या काळातली उदाहरणं आफ्रिकेतून येतात. टांझानियातल्या दार-ए-सलाम शहरात पावसाळ्यात वस्त्या पाण्याखाली जातात. तिथे २०१५ मध्ये ‘रमानी हुरिया’ हा उपक्रम सुरू झाला. विद्यापीठांतले विद्यार्थी आणि वस्त्यांतले रहिवासी यांनी मिळून गटारं, नाले, घरं, पायवाटा यांचे तपशीलवार नकाशे केले. पूर येतो तेव्हा पाणी कुठवर चढतं, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. नैरोबीतल्या किबेरा या प्रचंड झोपडवस्तीची कथा थोडी आधीची. लाखो लोकांचा तो भाग ऑनलाइन नकाशांवर जवळजवळ कोरा होता. २००९ मध्ये तिथल्याच तरुण-तरुणींनी प्रशिक्षण घेऊन तो भरला. दोन्हीकडे नकाशा करणाऱ्या तरुणांना एक गोष्ट कळली असणार: प्रकल्प संपल्यावर नकाशा शिळा होतो. गटार बुजतं, शाळा हलते, नवी भिंत उभी राहते. नकाशा जिवंत ठेवणारा माणूस वस्तीतच तयार झाला नाही, तर मुलांची सगळी मेहनत पुढच्या पावसाळ्यापर्यंतच टिकते.

वस्तीची नोंद वस्तीतल्याच माणसांनी करावी, हे मुंबईला यंत्रांच्या आधीच कळलं होतं. पदपथांवरच्या झोपड्या हटवण्याच्या प्रश्नावर ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८५ मध्ये दिला. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथावर राहणाऱ्या बायकांच्या सोबतीने भायखळा परिसरातल्या सुमारे ६,००० कुटुंबांची नोंद केली. हे लोक कुठून आले, काय काम करतात, किती वर्षं इथे आहेत, हे पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं. ज्यांना शहर उपरे म्हणत होतं ते शहरासाठी राबणारे निघाले. पुण्यात १९९३ पासून काम करणाऱ्या ‘शेल्टर असोसिएट्स’ने पुढे सांगली-मिरजेसारख्या ठिकाणी झोपडपट्ट्यांचे जीआयएस नकाशे केले. कोणत्या घरात शौचालय नाही आणि ड्रेनेजची वाहिनी तिथून किती लांब आहे, हे त्यामुळे घरागणिक सांगता आलं. अशा नकाशाला कागदावरच्या अहवालापेक्षा जास्त किंमत आहे, कारण त्याच्या शेवटी एखाद्या शौचालयाचा दरवाजा आणि भिंत उभी राहते.

पण मोजणं दुधारी आहे. वस्ती दिसू लागली की ती पाडणाऱ्यालाही दिसते. कुठली झोपडी किती फुटांची, कुठल्या नळाला बेकायदा जोड, हे मुलांनी निष्पापपणे नोंदवलं आणि ऑनलाइन टाकलं, तर त्याचा पहिला वाचक कोण असेल हे त्यांच्या हाती राहत नाही. अहिंसेचा विचार आपल्याकडे मुख्यतः हाताने केलेल्या इजेपुरता होतो. माहितीनेही इजा होते, आणि ती करणाऱ्याला अनेकदा कळतही नाही.

देवराईच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या राखलेल्या झाडोऱ्यांचं महत्त्व शास्त्रीय जगापुढे आलं. आज एखाद्या महाविद्यालयाने तालुक्यातल्या सगळ्या देवरायांचे अक्षांश-रेखांश काढून ठेवावेत हे सहज सुचतं. पण दुर्मीळ औषधी वनस्पती नेमक्या कुठे आहेत हे जगजाहीर करणं तिथल्या गावाला मान्य आहे का? देवाच्या नावाने ज्या जागेत फांदीसुद्धा तोडायची नाही, तिथे पर्यटकांच्या गाड्या न्यायच्या का? श्रद्धेने जे झाकून ठेवलं त्यामागे शतकांचं राखणदारीचं शहाणपण असू शकतं. अशा वेळी नकाशा गावाकडेच ठेवावा किंवा करूच नये.

वस्त्यांच्या नावांचंही तसंच. जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तरी जुनी नावं अनेकांच्या तोंडी आहेत, सरकारी उताऱ्यांतही सापडतात. एखाद्या मुलाने सहज विचारून तेच नाव डिजिटल नकाशावर चढवलं, तर जे पुसायला दशकं लागली ते तो एका क्लिकने पुन्हा पक्कं करेल. वस्तीतले लोक स्वतःच्या जागेला काय म्हणतात, तेच नाव लिहावं.

मराठी परंपरेत जागांची नोंद करण्याचा एक फार जुना आणि हृद्य नमुना आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे वसले, बसले, चालले त्या जागांची नोंद महानुभाव पंथाच्या ‘स्थानपोथी’त आहे. चौदाव्या शतकातला हा ग्रंथ देऊळ कुठे, त्याचं दार कुठल्या दिशेला, त्यापासून अमुक स्थान कोणत्या बाजूला, असं बारकाईने सांगतो. कर आकारण्यासाठी किंवा सैन्य हलवण्यासाठी ती नोंद झालेली नाही. ज्यांना ती स्थानं प्राणांइतकी मोलाची होती त्यांनीच, ती विसरली जाऊ नयेत म्हणून केली. आजच्या विद्यार्थ्याला यातून घेण्यासारखं खूप आहे: नोंद करणाऱ्याला त्या जागेची ओढ असावी, नाहीतर ती ओढ असलेल्या माणसाच्या मागे त्याने चालावं.

मग हाताशी एक सत्र आहे, पंचवीस मुलं आहेत, तर काय निवडावं? दख्खनच्या पठारावर बहुतेक ठिकाणी लोक पाण्याचंच नाव घेतील, आणि ते योग्यच आहे. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं रणदुल्लाबाद याचं उदाहरण. पुण्याच्या ‘ॲक्वाडॅम’ संस्थेच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी तिथल्या खडकांचा आणि विहिरींचा अभ्यास करून जमिनीखालचं पाणी कसं साठतं आणि वाहतं ते गावासमोर मांडलं. आपल्या सगळ्यांच्या विहिरी एकाच साठ्यातून पितात हे दिसल्यावर गावाने शेतीसाठी बोअरवेल घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. जमीन मालकीची असली तरी खालचं पाणी सामाईक आहे, हा विचार नकाशामुळे गावाच्या डोळ्यांपुढे आला आणि मग ठरावात उतरला. संयम हा धर्माचा विषय मानला जातो. इथे त्याला भूशास्त्राने बळ दिलं.

असं काम पदवीच्या मुलांनाही जमतं. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरींची पातळी घ्यायची. वजन बांधलेली टेप सोडायची, पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आकडा वाचायचा, कठड्याची उंची त्यातून वजा करायची. विहीर खणणाऱ्या माणसाला बोलावून काळा पाषाण कुठवर, मांजऱ्या खडक कुठे लागला, गेरूचा थर किती खोल, हे त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं. पाणी भरायला कोण येतं आणि कोण येत नाही, हे वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी, शक्यतो मुलींनी बायकांशी बसून विचारायचं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरात याची सुरुवात होऊ शकते, शेवट मात्र होत नाही. पहिली पातळी एका तुकडीने घेतली तर दुसरी पुढच्या तुकडीने घ्यावी लागेल, म्हणजे प्रकल्प विद्यार्थ्याचा न राहता महाविद्यालयाचा आणि गावाचा होईल. छापील नकाशा मराठीत, मोठ्या अक्षरांत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. त्याची फाइल गावातल्या एखाद्या मुलीच्या मोबाइलमध्ये असावी आणि तिला तो बदलता यावा.

उरतो एक अडचणीचा मुद्दा. विद्यार्थी गावात गेले, सगळं समजावून सांगितलं, आणि ग्रामसभेने म्हटलं की हा नकाशा आम्हाला नको, किंवा आत्ता नको. अशा वेळी बहुतेक ठिकाणी मुलं शेजारच्या गावात जातात, कारण वेळापत्रक थांबत नाही. महाविद्यालयांनी इथे नियमातच जागा करायला हवी. गावाने नकार का दिला, कुणाला कशाची भीती होती, कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं, आपल्या मांडणीत काय राहून गेलं, हे नीट नोंदवणाऱ्या आणि तो अहवाल ग्रामसभेला वाचून दाखवणाऱ्या गटाला पूर्ण क्रेडिट मिळावेत. आज मूल्यमापनाच्या तक्त्यात नकाशाच्या अचूकतेला गुण असतात, सादरीकरणाला असतात, अहवालाच्या बांधणीलाही असतात. त्यात आणखी एक रकाना वाढवणं अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत होण्यासारखं आहे: विषय कुणी निवडला?